वातीचं मशीन, परत खरेदीची हमी आणि बुकिंगचे पाच हजार

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. अमळनेर तालुक्यातल्या तुमच्या बचत गटातल्या पाच जणी मिळून फुलवातीचं मशीन घ्यायचं म्हणताय. कंपनी बाहेरगावची आहे. मशीन 1,65,000 रुपयांचं. कापूस कंपनी देणार, तयार वाती कंपनीच परत नेणार आणि किलोला 300 रुपये मजुरी देणार. दिवसाला 8 किलो माल निघतो असं त्यांचं म्हणणं. शनिवारच्या आत 5,000 रुपये बुकिंग भरलं तर 20,000 सूट. जीएसटी नंबर, उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), आयएसओ (दर्जाचं प्रमाणपत्र) असे सगळे कागद व्हॉट्सॲपवर आलेत. आणि तुमचा प्रश्न आहे, ही कंपनी खरी आहे का?

यात दोन प्रश्न आहेत. कंपनी अस्तित्वात आहे का, याचं उत्तर घरबसल्या अर्ध्या तासात मिळतं. ते कसं काढायचं ते पुढे सांगतो. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: किलोमागचे 300 रुपये ही कंपनी कुठून आणणार? नोंदणी पक्की, ऑफिस पक्कं, मशीनही वेळेवर घरी आलं आणि तरी पैसे बुडाले, असं परत खरेदीच्या योजनांत नेहमी होतं. कागद सगळे खरे असू शकतात. खोट व्यवहाराच्या रचनेत असते. वात असो, अगरबत्ती असो, द्रोण-पत्रावळी असो की कडकनाथ कोंबड्या, सांगाडा एकच असतो: आधी वस्तू आमच्याकडून घ्या, मग तुमचा माल आम्हीच घेऊ.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. कंपनीने माल घेणं बंद केलं तर जवळपास वाती विकायची तुमची तयारी आहे का, हेच मशीन उघड्या बाजारात कितीला मिळतं, आणि गटाने कर्ज काढून पैसे भरले तर हप्ता कोण भरणार, यावर उत्तर बदलतं. पण हिशेब सगळ्यांना सारखाच लागू आहे, म्हणून आधी तो मांडू.

दिवसाला 8 किलो, किलोला 300, म्हणजे रोज 2,400. महिन्याचे 25 दिवस धरले तर 60,000. मशीनचे पैसे तीन महिन्यांच्या आत फिटले. आता हाच हिशेब कंपनीच्या बाजूने मांडा. मशीन मुळात त्यांच्याकडेच आहे. ते त्यांनी स्वतःच्या शेडमध्ये लावलं, एका बाईला दिवसाला 400 रुपये मजुरी दिली, वीज आणि जागेचे 80 धरले, तर 8 किलो वाती 480 रुपयांत तयार होतात. म्हणजे किलोला 60 रुपये. जे काम स्वतःच्या शेडमध्ये 60 रुपयांत होतं, त्यासाठी अमळनेरपर्यंत कापूस पाठवायचा, वाती परत आणायच्या आणि वर किलोला 300 रुपये द्यायचे, असं कोणता व्यापारी करेल?

याची उत्तरं तीनच निघतात. पहिलं, दिवसाला 8 किलो निघतच नाही, दोनेक किलो निघतं. तसं असेल तर कंपनीला स्वतःला किलोमागे 240 रुपये लागतात आणि 300 चा दर पटण्यासारखा होतो. व्यवहार मग कदाचित प्रामाणिकही असेल, पण तुमची कमाई दिवसाला 600 रुपये, पाच जणींत वाटली तर माणशी 120. दुसरं उत्तर असं की 300 चा दर सुरुवातीपुरताच आहे आणि करारात तो बदलायचा हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवलाय. तिसरं, हे 300 रुपये वातीच्या विक्रीतून येतच नाहीत. पुढच्या गिऱ्हाइकाने मशीनसाठी भरलेल्या पैशातून येतात.

तिसरा प्रकार नीट समजून घ्या, कारण हुशार माणसंही त्यातच अडकतात. समजा मशीन बनवायला 60,000 लागतात आणि ते 1,65,000 ला विकलं. वरचे 1,05,000 कंपनीच्या हातात राहिले. किलोला 300 प्रमाणे त्यात 350 किलो वातीची मजुरी देता येते. दिवसाला 8 किलो धरलं तर 44 दिवस. म्हणजे एकही वात बाजारात न विकता कंपनी तुम्हाला दीड महिना वेळेवर पैसे देऊ शकते, आणि ते पैसे तुमचेच असतात. या दीड महिन्यात गावात बोलबाला होतो. कंपनी सांगते, एक गिऱ्हाईक आणा, 5,000 कमिशन घ्या. तुम्ही पारोळ्याच्या मावसबहिणीला सांगता, ती धरणगावच्या नणंदेला सांगते. मग कापूस यायला उशीर होऊ लागतो, त्यानंतर माल नापास होऊ लागतो, आणि शेवटी फोन लागत नाही. म्हणून ‘अमुक ताईंना दोन महिने पैसे मिळाले’ हा पुरावा धरू नका. वर्षभराचा अनुभव असलेल्या बाईशीच बोला.

आता कापूस. खान्देशातल्या माणसाला कापसाचा भाव कोणी शिकवायला नको. रुईची खंडी 356 किलोची. खंडीचा भाव 55,000 धरला तर किलो साधारण 155 ला पडतो. धुतलेला, पिंजलेला कापूस याहून महागच. त्यात 300 मजुरी, जाण्यायेण्याचं भाडं, घट, पॅकिंग आणि कंपनीचा नफा मिळवला, तर वात ठोक भावात 550-600 च्या खाली विकणं कंपनीला परवडणार नाही. हा आकडा घेऊन जळगावच्या दाणा बाजारात किंवा धुळ्याला आग्रा रोडवर पूजा साहित्याच्या दोन-तीन ठोक दुकानांत जा. तुम्ही माल विकायला आलात असं सांगा आणि विचारा, चांगली फुलवात किलोने काय भावाने घ्याल? त्यांनी 550 पेक्षा बराच कमी भाव सांगितला, तर कंपनीचं गणित वातीच्या धंद्यावर उभं नाही. एका फेरीत इतकं कळतं. शिवाय तुमचं स्वतःचं गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता किती, तेही कळतं. वातीला श्रावणापासून मागणी वाढते, कानबाई, नवरात्र, दिवाळी आणि त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंत ती टिकते. बाकीचे महिने माल पडून राहतो. बारा महिने सारखी खरेदी करू म्हणणाऱ्याला चैत्र-वैशाखात तो माल कुठे ठेवतो, हे नक्की विचारा.

एक प्रश्न असा आहे की तो फोनवर विचारला तरी बरंच उघड होतं: “आम्ही मशीन दुसरीकडून घेतलं, किंवा कोणाचं जुनं घेतलं, पण वाती तुमच्या नमुन्यासारख्याच करून दिल्या, तर याच दराने घ्याल का?” ज्याला खरंच वाती हव्यात, तो म्हणेल नमुना आणून दाखवा. जळगावच्या एमआयडीसीत चटई आणि डाळीचे जे कारखाने बाहेरून काम करून घेतात, ते तुमचा हात आणि मालाचा दर्जा बघतात; मशीन कुठून आणलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. ज्याचा धंदाच मशीन विकायचा आहे, तो इथे अडखळतो. ‘आमच्या मशीनवरच योग्य वात होते’, ‘बारकोड लागतो’, ‘सभासदांकडूनच घेतो’ अशी कारणं येतात. त्याला जोडून विचारा, “मशीनची अर्धी किंमत पहिल्या सहा महिन्यांच्या मजुरीतून कापून घ्याल का?” दिवसाला 8 किलोवर आणि स्वतःच्या खरेदीवर त्यांचा भरवसा असेल, तर त्यांना याची भीती वाटायचं कारण नाही. नाही म्हटलं म्हणून लगेच चोर ठरवू नका, लहान कारखानदाराकडे उधारीची ताकद नसते. पण दोन्ही प्रश्नांना नकार आला, तर मी पुढचे कागद बघण्यात वेळ घालवत नाही.

आता कागदांकडे वळू. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर करदाता शोधायची सोय आहे, लॉगिन लागत नाही. नंबर 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र 27, गुजरात 24, मध्य प्रदेश 23. पुढची दहा अक्षरं मालकाचा पॅन. त्या पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण नंबरातलं सहावं, नीट बघा. ‘पी’ असेल तर एकट्या माणसाचा धंदा, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘सी’ असेल तर कंपनी. माहितीपत्रकावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ छापलंय आणि नंबरात ‘पी’ आहे, तर एक तर नाव खोटं आहे किंवा नंबर दुसऱ्याचा आहे.

नंबर टाकल्यावर नोंदणीची तारीख दिसते. जीएसटी 1 जुलै 2017 ला सुरू झाला, म्हणून त्याआधीपासून चालत आलेल्या बहुतेक धंद्यांची तीच तारीख असते. ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्याची नोंदणी सात महिन्यांपूर्वीची निघाली, तर त्याचा खुलासा मागा. नोंदणी चालू आहे, निलंबित आहे की रद्द, तेही तिथेच दिसतं. खाली विवरणपत्रं भरल्याची यादी उघडता येते. त्यात गेल्या बारा महिन्यांचं काय आहे ते बघा. लहान व्यापारी तिमाहीने भरतो, त्यामुळे दर महिन्याची नोंद नसली तर घाबरू नका. पण पाच-सहा महिने काहीच भरलेलं नसेल, तर धंदा बंद आहे किंवा बंद पडायच्या वाटेवर आहे.

अजून एक बारीक गोष्ट बरेच जण बघत नाहीत. करदात्याचा प्रकार ‘कंपोझिशन’ (लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची योजना) लिहिला असेल, तर तो व्यापारी गिऱ्हाइकाकडून बिलात जीएसटी घेऊ शकत नाही आणि दुसऱ्या राज्यात माल विकू शकत नाही. तुमच्या कोटेशनवर 18 टक्के जीएसटी लावलाय आणि तिथे कंपोझिशन दिसतंय, तर ते कोटेशन खोटं आहे. सुरतच्या किंवा इंदूरच्या कंपोझिशनवाल्याने तुम्हाला अमळनेरला मशीन विकणंच नियमात बसत नाही. तसंच कोणत्या मालाची नोंदणी केली आहे त्याचे कोड दिसतात. 84 ने सुरू होणारे कोड यंत्रांचे. सगळे कोड यंत्रांचेच असतील आणि वातीचा एकही नसेल, तर वातीची विक्री हा त्यांचा धंदा म्हणून त्यांनी स्वतःही लिहिलेला नाही. कोड ज्याने त्याने भरलेले असतात, त्यामुळे हा पक्का पुरावा होत नाही. पण विचारायला मुद्दा मिळतो.

नावात प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. स्थापनेची तारीख, भरणा झालेलं भांडवल, संचालकांची नावं आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा, हे मिळतं. शेकडो जणींना लाखो रुपयांच्या खरेदीची हमी देणाऱ्या कंपनीचं भरणा भांडवल एक लाख असेल, तर हमी किती वजनाची आहे ते समजून घ्या. कंपनी बुडाली तर संचालकाच्या घरापर्यंत जाणं फार अवघड असतं. संचालकांची नावं ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्यांच्या जिल्ह्यात टाकून बघा. चेक न वटल्याचे खटले असतील तर तिथे सापडतात.

‘आम्ही वाती परदेशात पाठवतो’ असं म्हणाले असतील, तर त्याला आयात-निर्यात कोड लागतो आणि तो आता पॅनसारखाच असतो. जीएसटी नंबरातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं उचला आणि विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर फर्मच्या नावासह तपासा. कोड निघाला म्हणून निर्यात होते असं नाही, पण निघालाच नाही तर खुलासा मागा. आणि उलाढाल पाच कोटींच्या वर सांगत असतील, तर दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेल्या त्यांच्या बिलावर ई-इन्व्हॉइसचा (सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाचा) क्यूआर कोड असायलाच हवा. 1 ऑगस्ट 2023 पासून तसा नियम आहे. वाती विकल्याची गेल्या तीन महिन्यांतली तीन बिलं मागा. गिऱ्हाइकाचं नाव झाकलं तरी चालेल, पण माल, वजन, दर आणि क्यूआर दिसला पाहिजे. मशीन विकल्याची बिलं दाखवून वेळ मारून नेतील, ती नकोत.

बाकीच्या कागदांवर फार शब्द खर्च करत नाही. उद्यम नोंदणी मोफत आणि स्वयंघोषणेवर होते. कामगार थोडे असले की शॉप ॲक्टची फक्त सूचना द्यायची असते, त्याची पोच मिळते, तपासणी होत नाही. आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही, दुसऱ्या संस्था देतात, आणि त्यांतल्या काही पैसे घेऊन कागद छापतात. मंत्र्यांसोबतचा फोटो आणि पेपरमधली पानभर जाहिरात यांचा खरेदीच्या हमीशी काही संबंध नाही.

आता मशीन बघायला जाल तेव्हाचं. आपली रुई आणि आपला वजनकाटा सोबत न्या. कंपनीचा माणूस पाच मिनिटं चालवून दाखवेल, त्यावर थांबू नका. तुमच्यातल्या एकीने सलग दोन तास चालवायचं. आधी रुई तोला, दोन तासांनी चांगल्या वाती वेगळ्या तोला, वाया गेलेला कापूस वेगळा तोला. एका वातीचं वजन पाव ग्रॅम धरलं, तर 8 किलो म्हणजे 32,000 वाती. आठ तासांत त्या काढायच्या तर मिनिटाला साधारण 67, तेही एकदाही न थांबता. तुमच्यासमोर मिनिटाला किती पडतात ते घड्याळ लावून मोजा आणि दहा ग्रॅममध्ये किती वाती बसतात ते मोजा. कापूस अडकला की मशीन थांबवून साफ करावं लागतं, त्याचा वेळ धरा. गावात वीज किती तास असते, तेही धरा. इतकं केल्यावर 8 किलोच्या जागी खरा आकडा हातात येतो आणि वरचा सगळा हिशेब त्या आकड्याने पुन्हा मांडता येतो. मशीनची पाटी, मोटरची ताकद यांचे फोटो काढा आणि तसंच मशीन दुसरे तीन विक्रेते कितीला देतात ते विचारा. दुसरीकडे 70,000 ला मिळत असेल, तर वरचे 95,000 तुम्ही हमीसाठी मोजताय.

कंपनीत जाताना वेळ ठरवून गेलात तरी दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा एकदा चक्कर मारा. शोरूम बघू नका, परत आलेल्या वातींचं गोदाम बघा. शेकडो मशीन विकली असतील, तर रोज शेकडो किलो माल यायला हवा. पोती कुठे आहेत, वजन कोण करतं, आवक-जावक वही कुठे आहे? ही पोती दिसली नाहीत, तर मला बाकी काही विचारायचं राहत नाही.

जुन्या गिऱ्हाइकांची यादी कंपनी स्वतःहून देते. त्यात ठरलेली नावं असतात. तुम्ही उलट मागा: जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत वर्षापूर्वी मशीन घेतलेल्या सगळ्यांची यादी. त्यातली चार नावं तुम्ही निवडा आणि घरी जाऊन भेटा. शेवटची पावती कोणत्या तारखेची, सहा महिन्यांत किती किलो माल दिला, किती नापास झाला, हे पासबुकावर बघा. तुमच्या गटाची उमेदमध्ये (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात) नोंद असेल, तर तालुका कक्षात आणि प्रभाग संघात विचारा. चोपडा, पारोळा, शिरपूर, शहादा इथल्या गटांमध्ये कोणी हे मशीन घेतलंय का, हे त्यांना एका निरोपात कळतं. फेसबुकवर आणि जुन्या वस्तूंच्या ॲपवर ‘वातीचं मशीन विकणे आहे’ असं शोधा. आपल्या तीन जिल्ह्यांत वर्षाच्या आतली बरीच मशीन अर्ध्या किमतीला विकायला निघाली असतील, तर त्यातल्या दोघांना फोन करा. आणि ज्या ट्रान्सपोर्टने मशीन येतं, तिथल्या माणसाला विचारा, इथून वाती भरून परत जातात का? त्याच्याकडे बिल्टी (माल पाठवल्याच्या पावत्या) असतात, आणि त्याला खोटं बोलायचं काही कारण नसतं.

गूगलवरचे अभिप्राय वाचताना तारखा बघा. एकाच आठवड्यात वीस जणांनी पाच तारे दिलेत आणि प्रत्येकाचा तो एकमेव अभिप्राय आहे, तर ते बाजूला ठेवा. एक तारा देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचा. मशीन बिघडल्याची तक्रार वेगळी आणि माल न उचलल्याची तक्रार वेगळी.

करार घरी आणून वाचा, कंपनीत बसून सही करू नका. चार वाक्यं शोधा. ‘कच्च्या मालाच्या उपलब्धतेनुसार’ असं असेल, तर कापूस न देण्याची वाट त्यांनी ठेवली आहे. ‘बाजारभावानुसार दर बदलण्याचा अधिकार कंपनीकडे राहील’ असेल, तर 300 ची हमी संपली. ‘गुणवत्तेबाबत कंपनीचा निर्णय अंतिम’ असेल, तर सगळा माल नापास करता येतो. ‘बुकिंग रक्कम परत मिळणार नाही’ असेल, तर 5,000 गेलेच समजा. या जागी लिहून मागा: महिन्याला किमान इतका किलो कापूस देणार, दोघांच्या सहीचा, सीलबंद नमुना दोघांकडे राहणार, माल मिळाल्यापासून सात दिवसांत पास-नापास कळवणार, पंधरा दिवसांत पैसे देणार, सलग दोन महिने माल उचलला नाही तर मशीन ठरलेल्या किमतीला परत घेणार. नोटरीचा शिक्का असला तरी तो फक्त सह्यांचा साक्षी असतो. अटी वाईट असतील तर त्या वाईटच राहतात. आणि तोंडी सांगितलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: दर, किलो, सूट, तारीख.

पैसे देताना खात्याचं नाव आणि जीएसटीवरचं कायदेशीर नाव जुळलं पाहिजे. एकट्याचा धंदा असेल तर कायदेशीर नाव त्या माणसाचंच असतं, म्हणून वैयक्तिक नाव दिसलं की लगेच संशय घेऊ नका. पण दुसऱ्याच कोणाचं नाव असेल तर पैसे पाठवू नका. आरटीजीएस किंवा एनईएफटी करण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2025 पर्यंत बँकांना द्यायला सांगितली होती, ती वापरा. आधी तीस टक्के, मशीन घरी चालवून बघितल्यावर साठ, महिन्याने दहा, अशी मागणी करा. रोख देऊ नका. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती किंवा पीएमईजीपीसारख्या (पंतप्रधान रोजगार निर्मिती) योजनेतून घेणार असाल, तर जिल्हा उद्योग केंद्रामार्फत अर्ज करा. बँक पैसे थेट विक्रेत्याला देते. ‘बँकेत जाऊ नका, वेळ लागतो, रोखीत सूट देतो’ असं जो म्हणतो, त्याला तुमचे कागद तिसऱ्या माणसाने बघायला नको आहेत. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कंपनी चांगली, असंही धरू नका. बँक हप्ता तुमच्याकडूनच वसूल करणार, आणि तो थकला तर पुढचं कर्ज सगळ्या गटाचं अडतं.

शनिवारपर्यंतच्या सवलतीचं एवढंच: वरची तपासणी नीट करायला दहा-बारा दिवस लागतात. मुदत त्याआधीची असेल तर 20,000 ची सूट सोडून द्या. खरा कारखानदार पंधरा दिवसांनीही मशीन विकतो.

बुकिंग आधीच भरलं असेल आणि आता मन बदललं असेल, तर फोनवर वाद घालू नका. लेखी कळवा, मेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने, आणि पोच जपून ठेवा. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक आहे अशी खात्री पटली, तर त्याच तासाला 1930 वर फोन करा आणि आपल्या बँकेला कळवा; पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच हाती लागतात. मशीन घेऊन अडकला असाल, तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे करारात पुण्याचं न्यायालय लिहिलेलं असलं तरी जळगावला दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. समोरचा म्हणेल की मशीन धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही. त्याला उत्तर कायद्यातच आहे: स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली, तर ती धंद्यासाठी घेतली असं धरत नाहीत, घेणारा ग्राहकच राहतो. म्हणून पाच जणी स्वतः मशीन चालवता याचे पुरावे, म्हणजे गटाचा ठराव, हजेरी, मजुरीच्या नोंदी, पहिल्या दिवसापासून वहीत ठेवा. पोलिसात जाताना एकट्या जाऊ नका. त्याच कंपनीची दुसऱ्या गावांतली गिऱ्हाइकं शोधून एकत्र अर्ज द्या. एकीचा अर्ज ‘दिवाणी वाद आहे’ म्हणून परत येऊ शकतो. दहा जणींच्या अर्जांत तीच जाहिरात, तोच करार आणि तेच खातं दिसलं, की पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या आर्थिक गुन्हे शाखेला त्यात फसवणुकीचा हेतू दाखवता येतो. प्रत्येकीने आपल्या अर्जाला करार, पैसे भरल्याची पावती, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि परत पाठवलेल्या मालाची बिल्टी, यांच्या प्रती जोडाव्यात.